बाबांसाठी किलिमांजारो: डोंगराला पाच स्टार, हिशोबाला दोन

एका संस्थेसाठी देणग्या जमवत केलेल्या किलिमांजारो ट्रेकचा हा रिव्ह्यू. दोन वेगवेगळे मार्क देतेय कारण एकच आकडा दिला तर तो खोटा होईल. डोंगरावरची व्यवस्था, म्हणजे गाइड, पोर्टर, तंबू, तब्येतीची काळजी, याला पाचपैकी पाच. त्याआधीचा आणि नंतरचा पैशांचा कारभार, त्याला दोन, आणि तेही आज माझा मूड चांगला आहे म्हणून. ट्रेक नेणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाहीये, मला भांडण नकोय, आणि तसंही तुम्ही कुणाबरोबरही जाणार असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी बाबांबद्दल सांगते, नाहीतर ४३व्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, मी टांझानियातल्या किलिमांजारोवर कशाला गेले हे कुणाला कळायचं नाही. माझे बाबा म्हणजे चालण्याचं वेड. लहानपणी आम्ही दोघं भावंडं त्यांच्या मागे अक्षरशः पळायचो, त्यांची एक ढांग म्हणजे आमच्या तीन. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. हात थरथरतो तेवढं सगळ्यांना माहीत असतं, पण आमच्या घरी खरा त्रास पावलांचा आहे. दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पुढे जायचं असतं, मन पुढे गेलेलंही असतं, पण पाय उचलतच नाही. याला फ्रीझिंग म्हणतात. मग फिजिओथेरपिस्टने एक युक्ती शिकवली, जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवायच्या आणि 'चालू नका, पट्टी ओलांडा' असं सांगायचं. आणि खरंच, सपाट फरशीवर न उचलणारा पाय पट्टी दिसली की उचलला जातो! आईने घरातल्या प्रत्येक उंबऱ्याच्या अलीकडे पिवळी टेप लावून ठेवलीये.

ही युक्ती ज्या संस्थेच्या व्यायामाच्या वर्गात शिकलो त्या संस्थेसाठी पैसे जमवायचे असं मी आणि भावाने ठरवलं. भाऊ म्हणाला की तू चाल, मी लोकांच्या मागे लागतो. कामाची वाटणी अगदी बरोबर झाली, कारण पैसे मागायला मला भयंकर लाज वाटते.

आता पैशांचं, कारण रिव्ह्यूचा मुख्य भाग तोच आहे.

फॉर्म भरताना दोन पर्याय असतात. पहिला असा की थोडी रजिस्ट्रेशन फी भरायची आणि एक मोठी ठरावीक रक्कम देणगी म्हणून जमवायचं कबूल करायचं, मग तुमचा विमान, तंबू, गाइड वगैरे सगळा खर्च त्या जमवलेल्या रकमेतूनच भागवला जातो आणि उरलेलं संस्थेला जातं. दुसरा असा की ट्रेकचा सगळा खर्च तुम्ही खिशातून भरायचा आणि लोकांनी दिलेले सगळे पैसे संस्थेला. वेबसाइटवर पहिला पर्याय मोठ्या रंगीत बटणावर आणि दुसरा खाली बारीक अक्षरात. मी अर्थात पहिला निवडला कारण तो स्वस्त दिसत होता आणि वर मोठ्या अक्षरात 'आपल्या माणसासाठी चाला' असं काहीतरी लिहिलेलं, डोळ्यांत पाणी आलेलं असताना बारीक अक्षरं कोण वाचतं.

रजिस्ट्रेशननंतर तीन आठवड्यांनी भावाने अटी वाचल्या. तो अटी वाचणारा माणूस आहे. जमवलेल्या रकमेपैकी जवळजवळ निम्मी माझ्याच प्रवासावर जाणार होती! म्हणजे आमच्या शेजारच्या काकू पेन्शनमधून बाबांचं नाव ऐकून जे पैसे देणार त्यातले अर्धे माझ्या विमानाच्या तिकिटाला. हे बेकायदा नाहीये, अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि संस्थांचं म्हणणं असं असतं की या ट्रेकमुळे जे पैसे येतात ते एरवी आलेच नसते, तेही खरं आहे. पण देणाऱ्याला ते माहीत असायला हवं ना? माझ्या देणगीच्या पेजवर कंपनीने जो तयार मजकूर टाकलेला त्यात याचा एक शब्द नव्हता.

मी फोन करून पर्याय बदलून घेतला. बदलायला अकरा दिवस आणि चार फोन लागले, प्रत्येक वेळी वेगळं माणूस आणि प्रत्येकाला बाबांची गोष्ट पहिल्यापासून. खर्च स्वतः भरायचा म्हटल्यावर माझी बरीच बचत गेली आणि त्या वर्षीची सुट्टीही, पण पेजवर 'प्रवासखर्च मी भरतेय, तुमचे पैसे संस्थेला' असं एक वाक्य टाकता आलं आणि भाऊ शपथेवर सांगतो की त्या वाक्यानंतर देणग्या वाढल्या. देणगी घेणाऱ्या वेबसाइट्सही स्वतःचं काहीतरी कापतात, ते वेगळं, तेही आधी बघून घ्या.

ज्यांना बचत मोडणं शक्य नाही त्यांनी जाऊच नये असं मी म्हणत नाही, फक्त पेजवर खरं लिहा. आणि एवढ्या लांबचा डोंगरच हवा असंही नाही. ऑक्सफॅम या मदतसंस्थेचा ट्रेलवॉकर बघा, १९८१ मध्ये हाँगकाँगमध्ये गुरखा सैनिकांच्या सरावातून सुरू झालेला, चार जणांची टीम, १०० किलोमीटर आणि ४८ तास, नंतर तो बऱ्याच देशांत झाला. घरातल्याच चौघांनी मिळून करण्यासारखा प्रकार. मला तो नंतर कळला, आणि आमच्या घरात चौथा माणूस कुठून आणायचा हाही प्रश्न होताच.

ट्रेनिंगसाठी त्यांनी १६ आठवड्यांचा प्लॅन पाठवलेला, तो बरा होता. शनिवार-रविवार लागोपाठ लांब चालायचं, कारण थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी परत निघणं हाच खरा सराव, आणि मधल्या दिवसांत पाठीवर बॅग घेऊन जिने. पण सगळा भर चढण्यावर. उतरण्याबद्दल दोन ओळी. खरी वाट लागते ती उतरताना, कारण शिखराच्या दिवशी तुम्ही ५८९५ मीटरवरून त्याच दिवशी जवळपास ३१०० मीटरवरच्या म्वेका कॅम्पपर्यंत येता, म्हणजे एका दिवसात पावणेतीन हजार मीटरपेक्षा जास्त उतार, तेही रात्रभर चढून झाल्यावर. माझी दोन नखं काळी पडून गेली. शूज नेहमीच्या मापापेक्षा थोडे मोठे घ्या, मोजे घालून दुकानातल्या उतारावर उभं राहून बघा आणि अंगठा पुढे लागत असेल तर ते शूज तिथेच ठेवा. नखं निघायच्या आधल्या दिवशी कापा. मला हे कुणी सांगितलं नाही, मी तुम्हाला सांगतेय.

भाड्याच्या सामानाचं पटकन. डाउन जॅकेट उत्तम, ट्रेकिंग पोल ठीक, स्लीपिंग बॅगची चेन दुसऱ्या रात्री गेली ती सेफ्टी पिनांवर सातव्या दिवसापर्यंत. इन्शुरन्स मात्र स्वतः नीट बघा, बऱ्याच पॉलिसींमध्ये ट्रेकिंगला उंचीची मर्यादा असते आणि तुम्हाला ६००० मीटरपर्यंत कव्हर लागतं. मला कंपनीने जी लिंक पाठवलेली त्यातली पहिलीच पॉलिसी ४००० वर संपत होती, आता याला काय म्हणायचं.

बरं, डोंगर.

आमचा मचामे रूट होता, सात दिवसांचा, साधारण ६२ किलोमीटर. सहा दिवसांतही करतात पण ऐकू नका, जो जास्तीचा दिवस असतो तो शरीराला उंचीची सवय व्हायला असतो. पहिला दिवस जंगल आणि चिखल, गेटर, म्हणजे बुटाच्या वर पायाला बांधायची कव्हरं, नसतील तर बुटात चिखल. तिसऱ्या दिवशी मला वाटलेलं की हे लोक आपल्याला उगाच फिरवतायत, कारण सकाळपासून चढत चढत साधारण ४६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरला नेलं, तिथे डोकं ठणकायला लागल्यावर परत खाली ३९०० च्या आसपास बरांको कॅम्पला झोपायला. गाइडने समजावलं की वर जाऊन शरीराला चुणूक दाखवायची आणि झोपायला खाली यायचं, मग शरीर जुळवून घेतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं खरंच शांत होतं.

गाइड लोकांबद्दल किती लिहू. 'पोले पोले' हे तुम्ही दिवसातून दोनशे वेळा ऐकाल, स्वाहिलीत हळूहळू. पण हळू म्हणजे किती हळू याची कल्पना घरी बसून येत नाही. मी पहिल्या दिवशी पुढे पुढे जात होते, बाबांचं रक्त, तर मुख्य गाइडने मला बोलावून आपल्या मागे दुसऱ्या नंबरवर ठेवलं आणि आठवडाभर तिथेच ठेवलं. एक पाऊल, मग अर्ध पाऊल, मग श्वास. तिसऱ्या दिवशी मला लक्षात आलं की ही चाल मी ओळखते. आमच्या घरात सकाळी बेडरूमपासून बाथरूमपर्यंत हीच चाल असते, आणि मी मागून 'चला ना बाबा' म्हणत असते. त्या दिवशी मी फारसं कुणाशी बोलले नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ तब्येतीची तपासणी, बोटाला ऑक्सिमीटर आणि डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर यांचे मार्क. याला लेक लुईस स्कोअर म्हणतात, आणि खोटं बोललात तर गाइडला तोंडावरून कळतं. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची का नाही ते तुमच्या डॉक्टरला विचारा, मी घेतली, बोटांना मुंग्या येतात आणि रात्री लघवीला तीन वेळा उठावं लागतं, उणे तापमानात, सेफ्टी पिना काढून. यापेक्षा जास्त वर्णन करत नाही.

ग्रुपमध्ये आम्ही १४ जण, आणि आमच्यासाठी पन्नासच्या वर माणसं काम करत होती. हे आकडे ऐकून मला कसंतरी झालं. पोर्टरच्या ओझ्याला पार्कची २० किलोची मर्यादा आहे आणि गेटवर वजन होतं, माझ्यासमोर झालं. पोर्टरना पगार, जेवण, झोपायची जागा नीट मिळते का यावर किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाचा प्रकल्प लक्ष ठेवतो, आणि आमची तिथली स्थानिक कंपनी त्यांच्या भागीदारांमध्ये होती. बुकिंगच्या आधी हे विचाराच. एका आजारी माणसासाठी पैसे जमवायचे आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या पाठीवर अन्याय करायचा, याला अर्थ नाही.

पण एक तक्रार इथेच, टिपचं आम्हाला शेवटच्या ब्रीफिंगमध्ये सांगितलं. टिप हा त्या लोकांच्या कमाईचा मोठा भाग असतो आणि तो तुमच्या खर्चात धरलेला नसतो. ग्रुपमधले दोघंतिघं अक्षरशः एकमेकांकडून उसने घेत होते. गाइडसमोर उभं राहून पैसे मोजताना जी लाज वाटली ती कंपनीला वाटायला हवी होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बराफू कॅम्प, ४६०० च्या वर, बराफू म्हणजे बर्फ. तिथे आमच्यातली एक बाई, मुलाच्या आजारासाठी चालत होती, तिला उलट्या सुरू झाल्या आणि सरळ रेषेत चालता येईना. मुख्य गाइडने पाच मिनिटांत निर्णय घेतला, एक सहायक गाइड आणि दोन पोर्टर बरोबर देऊन तिला अंधारातच खाली पाठवलं. ती रडत होती की लोकांनी पैसे दिलेत, मला वर जायलाच पाहिजे. तो म्हणाला, डोंगर इथेच राहणारे, तू खाली हो. त्याबद्दल मी त्यांना पाच स्टार देतेय, बाकी काही नसतं केलं तरी दिले असते. ती दुसऱ्या दिवशी खाली ठणठणीत भेटली. पण शिखर गाठलं नाही तर देणग्यांचं काय याबद्दल कंपनीने आधी कुणालाच काही सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळेच ती बिचारी तशा अवस्थेतही हट्ट करत होती. तुमच्या पेजवर सुरुवातीलाच लिहून टाका की मी चालणार आहे, वर पोचेन याची हमी नाही.

रात्री बाराला निघालो. थंडी इतकी की बॅगेतल्या पाण्याची नळी तासाभरात गोठली. बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूला धरतो म्हणून तोंड खाली असेल तर पाणी पिता येतं. फोन आणि टॉर्चच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून. समोर काही दिसत नाही, फक्त गाइडच्या टाचा आणि त्यावर तुमच्या हेडटॉर्चचा गोल.

स्टेला पॉइंटच्या खाली, ती माथ्यावरच्या विवराच्या कडेची जागा, साधारण ५७५० ला आहे, सगळी भुसभुशीत खडी. एक पाऊल वर टाकायचं आणि अर्धं परत खाली. तिथे मी थांबले. थकले होते असं नाही, म्हणजे थकले होतेच, त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, पण ते वेगळं होतं, मला पाय उचलायचाय हे माहीत होतं आणि पाय उचलतच नव्हता. गाइड म्हणाला चल, मी म्हटलं हो, आणि उभीच. मग काय सुचलं देव जाणे, उंचीने डोकं फिरलं असेल, मी पोलने समोरच्या खडीत एक आडवी रेघ मारली आणि ती ओलांडली. मग दुसरी मारली. गाइडला वाटलं बाई गेली कामातून, त्याने मला थांबवून माझं नाव विचारलं, आज वार कोणता, वीसमधून सात गेले किती. मी सगळी उत्तरं दिली आणि परत रेघ मारली. मग तोच पुढे होऊन बुटाच्या टाचेने रेघा ओढायला लागला, मला काही न विचारता. किती ओढल्या माहीत नाही. बाबांचा पाय खोटं नाटक करतोय असं मला एक-दोनदा वाटून गेलेलं, सुरुवातीच्या वर्षी, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

स्टेला पॉइंटपासून उहुरू, म्हणजे सगळ्यात वरचं शिखर, सपाट म्हणावं असंच, पाऊण-एक तास. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य, १९६१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यानंतर हे नाव मिळालं, त्याआधी जर्मन सम्राटाचं नाव होतं. डाव्या हाताला हिमनदी, ती १९१२ पासून ऐंशी टक्क्यांहून जास्त आटलीये, उरलेली तरी बघून घ्या. पाटीपाशी फोटोसाठी रांग. मी बाबांची काठी नेणार होते फोटोसाठी पण त्यांनी दिली नाही, म्हणाले, "अगं मग मी आठवडाभर काय घेऊन फिरू?" रास्त प्रश्न. मग पिवळ्या टेपचा तुकडा नेलेला, तो हातमोज्यावर चिकटवून फोटो काढला आणि टेप परत घेऊन आले, तिथे कचरा करायचा नाही.

खाली आल्यावरचं. सगळे पैसे आम्ही ट्रेकच्या आधीच जमवून दिलेले. संस्थेकडे ते किती आणि कधी पोचले याचा कागद सहा आठवड्यांत मिळेल असं सांगितलेलं. सहा आठवडे झाले, दहा झाले, मी मेल करतेय, त्यांच्याकडून पुढच्या वर्षीच्या ट्रेकची जाहिरात येतेय, माझाच शिखरावरचा फोटो वापरून. मला न विचारता! शेवटी मी सरळ संस्थेलाच फोन केला तेव्हा कळलं की रक्कम चौदाव्या आठवड्यात जमा झाली. पूर्ण जमा झाली, ते मान्य. पण मधल्या काळात बाबा दर रविवारी विचारायचे, "पैसे पोचले का गं?" आणि मी दर रविवारी विषय बदलायचे. सत्तरीतला माणूस, ज्याने सगळ्या देणगीदारांना स्वतः फोन करून आभार मानलेत, थरथरत्या हाताने नंबर दाबून, त्याला मी काय सांगणार होते.

तर जाणार असाल तर फॉर्म भरायच्या आधी कंपनीला लेखी विचारा की माझ्या देणगीदाराच्या पैशातले किती संस्थेला जातात आणि किती दिवसांत, आणि उत्तरात नुसती भावनिक वाक्यं आली तर दुसरी कंपनी बघा. संस्थेलाही वेगळं विचारा, दोन्ही उत्तरं जुळतात का बघा. डोंगराबद्दल मला विचाराल तर उद्या परत जाईन, त्याच गाइडबरोबर, त्याच्या मागे दुसऱ्या नंबरवर.

अपडेट: हा रिव्ह्यू टाकल्यावर कंपनीचा मेल आला, फोटो काढून टाकलाय, आणि देणगीच्या पेजवरच्या तयार मजकुरात प्रवासखर्चाबद्दल एक ओळ घातलीये. जाऊन बघितलं, खरंच घातलीये, बारीक अक्षरात. दोनाचे अडीच करतेय. स्लीपिंग बॅगच्या चेनबद्दल अजून काही उत्तर नाही.